डावा कान

आमचं कल्हईचं दुकान उदगीरला, चौबाऱ्यामागच्या बोळात.
वर मन्मथअप्पांची खोली. पाटी नव्हती.
कुणी पत्ता विचारला की अब्बा सांडशी वर करायचे,
म्हणजे: जा, आहेत.

नवसागराचा धूर फळ्यांच्या फटींतून वर जायचा,
त्याच फटींतून सूर खाली यायचे.
दोन्ही घरांचं देणंघेणं एवढंच.

मी नऊ वर्षांची, भाता मारायचे.
एकदा अप्पा अर्ध्या जिन्यात थांबले:
"कौसर, तुझा भाता माझ्या विलंबिताला धरून चाललाय,
ध्यानात आलं का?"
नव्हतं आलं.
दुसऱ्या दिवशी हात धुऊन वर गेले.

ते सतरंजीवर बसायचे,
वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर, दुसरं टोक डाव्या खांद्याशी.
"गज ओढू नको गं, जाऊ दे.
सासरला निघालेल्या लेकीला कुणी ओढतं का?"
"ओढतात की, अप्पा."
ते हसले नाहीत. गज खाली ठेवला
आणि आपल्या अव्वाबद्दल बोलले, पहिल्यांदा आणि शेवटचं,
थोडं मराठीत, थोडं कानडीत.
कानडीतलं मला कळलं नाही. तेच जास्त होतं.

त्यांची सगळी कारकीर्द बिस्किटाच्या एका डब्यात मावायची:
हैदराबादच्या उस्तादांनी दिलेली राळेची वडी,
झिजून नखाएवढी;
आकाशवाणीची मानधनाची पत्रं,
रक्कम एसटीच्या भाड्याहून जरा वर;
आणि कार्यक्रमांच्या पत्रिका.
गायकाचं नाव ठसठशीत, फोटोसकट.
तळाशी, मंडप डेकोरेटर्सच्या वर,
साथ: एम. एम. हलकुंडे,
कधी हलकुटे, कधी नुसतंच "व्हायोलिन".
"वाद्याचं नाव तर बरोबर छापलंय," म्हणायचे.

लातूरला एका बुवांना भर मैफलीत अंतरा आठवेना.
अप्पांनी तार षड्ज धरला,
धरूनच ठेवला,
बुवांना अंतरा सापडेपर्यंत.
पेपरात आलं: बुवांनी अंतऱ्याआधी घेतलेली विश्रांती
केवळ अविस्मरणीय.
ते कात्रणही डब्यात होतं, घडी न मोडलेलं.

मे महिन्यात लाकूड उलायचं, सांध्यातला सरस सुटायचा.
टँकर आठ दिवसांनी.
पहिला तांब्या प्यायला नाही,
पेटीतलं फडकं ओलं करायला.
मग आम्ही.

शेवटच्या वर्षी माझ्याकडून वरचा गंधार चढा लागला.
अप्पांनी मान डोलावली.
दुसऱ्या दिवशी मुद्दाम लावला, आणखी चढा.
मान डोलावली.
मी गज उचलला तो तसाच हवेत.
पन्नास वर्षं तार ज्या कानाशी बोलली
तो डावा कान
मिटला होता, आणि उजवाही निघायच्या तयारीत.
खाली अब्बा कुठलंसं पातेलं ठोकत होते.

"चढा होता," अप्पा म्हणाले. "कालचाही."
"मग बोलला का नाहीत?"
"ऐकू नाही आला. दिसला.
बेसूर झालं की तू ओठ चावतीस.
आता ऐकायचं काम तुझं.
मी ओठाकडं बघतो."

त्यानंतर दीड वर्ष
ते माझ्या तोंडाकडं बघत मला शिकवत राहिले,
आणि मी घरी आरशासमोर
ओठ न हलवता बेसूर व्हायचा सराव केला.
जमलं नाही.

आता खाली मोबाइलची कव्हरं मिळतात.
पत्ता विचारला तर दुकानातला पोरगा मान वर करत नाही.
धूर नाही. फटींवर आम्ही फरशी घातली,
त्याचं मला अजून वाईट वाटतं.
राळेची वडी तशीच आहे, वापरावी इतकी उरली नाही
आणि टाकावी इतकी संपली नाही.

काल हणेगावच्या एका पोरानं पंचम उतरा लावला.
माझे दात ओठापर्यंत आले होते.
थांबवले.
भिंतीवरच्या पालीकडं बघत बसले.

त्यानं पुन्हा गज टेकवला,
पुन्हा उतरा,
आणि मग त्यानंच
खालचा ओठ
हळूच दातांत धरला.