गॅप

काढलेले पॉइंट मिस्त्रीच्या तळहातावर
उंदराच्या दातांएवढे दिसले.
एकावर टेकडी, दुसऱ्यात खड्डा.
"एकाचं दुसऱ्यानं खाल्लं," रहेमतमिस्त्री म्हणाला,
"बुढा-बुढीवानी. एकाचे गाल बसले, एकाले पोट आलं."

पांढरकवड्याच्या बायपासला, बाभळीखाली,
बॉनेट उघडं. एकाहत्तरची अ‍ॅम्बेसेडर.
जिनिंग बंद पडली तेव्हा शेठजींनी
सात महिन्यांच्या पगाराऐवजी
चावी बाबांच्या हातात ठेवली
आणि आरसी बुकात नाव चढवायला
नऊ वर्षं लावली.

बाबांकडे फीलर गेज कधीच नव्हता.
पॉइंटमधली गॅप ते लग्नपत्रिकेनं मोजायचे.
पत्रिकाही ठरलेली, वणीच्या काकड्यांच्या पोरीची,
जाड, कोपऱ्याला हळदीचं बोट.
ते लग्न दोन वर्षांत मोडलं.
गॅप बावीस वर्षं बरोबर बसली.

गाडी बंद पडायच्या जागा मला
बसच्या थांब्यांसारख्या पाठ आहेत:
करंजीचा चढ, खुनी नदीचा पूल,
मोहद्याच्या अलीकडची मोरी.
मोरीवर कळलं, आई सही करायला कधी शिकली.
पुलावर, की मला एक मोठा भाऊ होता,
अकरा दिवसांचा.
गाडी चालू असली की बाबा ड्रायव्हर असत,
आणि ड्रायव्हर बोलत नसतात.
शेठजी मागे असोत, नसोत.

आता काडेपेटीहून लहान काळं मोड्यूल.
लाल तार, काळी तार, शाफ्टवर चुंबकाचं कडं.
"हे कशाले घासते?"
"कशालेच नाई. टेकतच नाई तं झिजन कुठून?"
कॅप दाबली, क्लिपा लावल्या, सेल्फ मारला.
अर्ध्या फेऱ्यात लागली.
एअर क्लीनरवर ठेवलेल्या चहात
सुरकुतीसुद्धा नाही.

मिस्त्री चिंधीला हात पुसत राहिला.
"जपजो बाबू. हे मरते तं एकदम मरते.
पॉइंट सांगून मरे. खोकले, चढावर रुसे,
माणूस घर गाठे."
जुने पॉइंट त्यानं कागदात गुंडाळून
डॅशबोर्डच्या खणात टाकले. पैसे लावले नाहीत.

रविवारी बाबांना राळेगावला नेलं.
एक्याऐंशीचे बाबा, माझ्या बाजूच्या सीटवर,
उजवा पाय अजून ब्रेक शोधणारा.
करंजीचा चढ गाडी तिसऱ्यात चढली.
पऱ्हाटी गेली, टोलनाका गेला, पळसं गेली.
एक शब्द नाही.

मोरीशी मी चावी फिरवली.
इंजिन गप्प. उतरलो. बॉनेट उचललं.
ते हळूहळू आले, दाराला धरत.
कॅपवर दोन बोटं ठेवली, डॉक्टर ठेवतो तशी.
"याले काहीच झालं नाई," म्हणाले.
"पाहतो ना, बाबा."
"आवाज मले समजते, लेका."

मग मोरीच्या कठड्यावर बसले,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली,
आणि म्हणाले, "सरक."