कान भरणारा

अकरा वर्षं मी ओतिलिया बारागानचे कान भरले.
अगदी शब्दशः. सहा नंबरच्या स्टुडिओत, काचेमागं बसून.
तिच्या डाव्या कानात हरभऱ्याएवढं यंत्र,
वर केसांची बट,
आणि यंत्रात मी, प्रॉम्प्टर:
आता वळा. आता थांबा.
'हो, सेन्योरा' म्हणा.

ती म्हणायची.
रंग असा, की निर्माते पहिल्याच भेटीत
तिच्या हाती ट्रे द्यायचे.
नऊ मालिका, नऊ मोलकरणी,
नाव दर वेळी वेगळं, एप्रन तोच,
खिशाला शाईचा डाग असलेला.
किती वेळा दार उघडलं तिनं,
मी मोजायला लागलो होतो एकदा, मग सोडलं.
एकही दार तिच्या घराचं नव्हतं.

मग तो सिनेमा आला, मिठागरातल्या बाईचा.
मेक्सिको सिटीत तीन थिएटरं, दोन आठवडे.
दूर कुठं त्याला बक्षीस मिळालं
आणि आमच्या वाहिनीला एका रात्रीत कळलं
की ती सुंदर आहे.
आता जिन्यावरून उतरायची ती, हिरे घालून,
आणि फिलोमेना तिला रोज
दोन छटा उजळ करायची,
स्पंज फिरवताना पुटपुटत: माफ कर हं, पोरी.

फिलोमेनाची मुलगी एका मंगळवारी
एकातेपेकच्या बसथांब्यावरून घरी आली नाही.
पोलीस म्हणाले, पळाली असेल कुणाबरोबर.
बुधवारी फिलोमेना कामावर आली.
त्या दिवशीचा मेकअप
एका गालावर गडद राहिला,
कुणी काही बोललं नाही.

पारितोषिकांची रात्र. थेट प्रक्षेपण.
मी चार ओळी देणार होतो:
वाहिनी, साबणाची कंपनी, आई, ग्वादालुपेची माता.
पहिली ओळ तिनं घेतली.
मग हात कानाकडं गेला,
बट मागं सरली,
आणि यंत्र तिनं शांतपणे
समोरच्या ग्लासात सोडलं.
मी बोलतच होतो. सवय.
मनःपूर्वक आभार, मनःपूर्वक आभार,
बर्फाच्या दोन खड्यांना.

ती म्हणाली: यारेत्सी. वय एकोणीस.
हिरवी बॅग. मंगळवार, संध्याकाळचे सात.
तुमच्यापैकी कुणी
एवढंच झालं. साबणाची जाहिरात लागली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.
पुढच्या आठवड्यात मालिकेतली ती
त्याच जिन्यावरून पडून मेली.
पडायला दुसरीच बाई होती, पाठमोरी.
किंकाळी जुन्या भागातली.
ती शोधून दिली मी.
हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

आता शनिवारी आम्ही जातो.
शहराबाहेर, निवडुंगांमधून, बायांच्या मागोमाग.
लोखंडी सळई, वर आडवी मूठ.
हातोड्यानं ठोकायची, उपसायची,
टोक नाकाशी न्यायचं.
जमिनीचा कानोसा नाकानं घेतात इथं.
वार्ताहर आले की ओतिलिया
टोपी खाली ओढते, म्हणते, तिला विचारा, आणि तिला.
भाषण करत नाही. ते तिला कुणी करूही देणार नाही.

एकदा एक आई तिच्यावर धावून आली:
तुझं काय गेलंय? तू कुणाला शोधतेस?
ओतिलिया गप्प.
मग तिनं माझ्याकडं पाहिलं,
अकरा वर्षं काचेतून पाहायची तसं.
माझं तोंड उघडं राहिलं.
माझ्याकडं ओळ नव्हती.

तिनं त्या बाईच्या हातून हातोडा घेतला.
बाईनं घेऊ दिला.

ऊन डोक्यावर येतं.
फिलोमेना सळई उपसते, टोक नाकाशी धरते.
कुणी खोकतसुद्धा नाही.
माती, ती म्हणते. नुसती माती.
कुणीतरी पाण्याची बाटली पुढं करतं.
चार पावलं पुढं.
ओतिलिया सळई उभी धरते, मी ठोकतो.