पोर्ट बंद

वारा ताशी नव्वद. बंदर बंद,
कप्तानाचा हुकूम सकाळीच दाराला डकवलेला.
पुंता अरेनासच्या धक्क्यावर फेरी नुसती दोर ताणत उभी,
आणि फेरी कंपनीच्या कचेरीत मी टेबलाखाली पालथा,
दातांत टॉर्च, हातात निळी केबल.
तांब्याची जुनी लाइन दुपारी बाराला कापणार होते.
साडेदहा वाजून गेले होते.

मालकांनी वेग मोजून पाहिला आणि हरखले,
"सहाशे! अहो, सहाशे!"
म्हटलं, वेगाचं कौतुक सिनेमाला.
आवाजाचं पोट चिमूटभर,
त्याला रुंद रस्ता नको, नेम हवा.
वीस मिलिसेकंदांनी एक तुकडा, मग वीसनी पुढचा,
मागचा पुढे घुसला की वाक्याचा काला.
म्हणून राउटरला बजावलं, आधी आवाज.
हिशेबाच्या फाइली, कॅमेरे, मालकांचा फुटबॉल,
सगळ्यांनी कडेला सरायचं,
रुग्णवाहिकेला सरतात तसं.

द्रिना कुसानोविच एकतीस वर्षं या फोनवर.
नवा फोन तिने बोटाने थोडा ढकलून पाहिला,
बाजारात अनोळखी मासा पाहावा तसा.
"याला वजनच नाही," म्हणाली,
"रागाने आपटायचा कसा?"

अकराला नंबर नव्या घरी आला.
अकरा वीसला पहिली घंटा,
सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरहून,
सेगुंदो बार्रिया, मेंढ्यांची लोकर कातरणारा.
"अलो? आज बोट आहे का?"
"नाही सेगुंदो, बंदर बंद आहे."
"अलो?"
"बंद आहे म्हटलं!"
"अलो... अलो..."
तिला त्याच्याकडचं सगळं ऐकू येत होतं,
चुलीवरच्या किटलीची शिट्टीसुद्धा.
त्याला इकडचं काही नाही.

एकतर्फी आवाज. आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं,
मला त्यात नवल नव्हतं.
पण त्याने फोन ठेवला नाही,
घरातल्या कुणाला तरी म्हणाला,
"उचललंय कुणीतरी, पण बोलत नाही. यंत्र बसवलं असणार.
द्रिना गेली वाटतं.
तिला माझा खोकलासुद्धा ओळखू यायचा."

"आहे रे मी," द्रिना म्हणाली.
मग हळू, "इथेच आहे."
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही स्क्रीनवरून नजर हलवली नाही,
खरं तर तिथे अजून काहीच उमटलं नव्हतं.

पोर्ट एकेक तपासले. ते उघडे होते.
घोडं अडलं होतं भलतीकडेच:
राउटरमध्ये एक आगाऊ मदतनीस,
कंपनीनेच चालू करून पाठवलेला,
जो प्रत्येक पाकिटावरचा पत्ता
स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहितो
आणि चुकीचा लिहितो.
त्याच्यापुढची खूण काढली. झालं.
अर्ध्या तासाची बोंब, एका टिचकीचं काम.

बाराला पाच कमी होते. द्रिनाने नंबर न बघता लावला.
"सेगुंदो, बंदर बंद आहे."
"ते दिसतंय मला खिडकीतून," तो म्हणाला.

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मी आकडे पाहत होतो, एक तुकडा गळत नव्हता.
गप्प बसण्याचेही तुकडे होतात,
वीस मिलिसेकंदांनी एक, ठरल्याप्रमाणे,
आणि पलीकडे पोचतात.

बाराला तांबं मेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मी बिल लिहायला घेतलं तेव्हा तिने विचारलं,
"वीज गेली तर? जुना चालायचा. मिट्ट काळोखातही."
म्हटलं, हा नाही चालणार.
वेगळी बॅटरी घ्यावी लागेल.
किंमत सांगितली.
ती मालकांकडे बघू लागली, मालक छताकडे,
तेवढ्यात वाऱ्याने दिवा एकदा लुकलुकला
आणि आम्ही तिघांनी
फोनकडे पाहिलं.