एक किलो सहाशे

काट्याच्या झोळीत तुला ठेवलं,
सुई थरथरली जराशी आणि थांबली:
एक किलो सहाशे.

दिंडोरीच्या बागेत तुझी आई
द्राक्षाच्या पेट्या भरायची, दोन किलोची एक.
तू त्याहून हलकी.
आठव्या महिन्यात पाय सुजले,
तेव्हा मुकादमानं तिला टेम्पोत बसवून
पेठला परत धाडली,
हिशोब बाकी ठेवून.

नावाच्या रकान्यात आम्ही नाव लिहीत नाही.
पाचवी पुजेपर्यंत सगळी लेकरं सारखीच:
सोमीचं बाळ, जिजीचं बाळ, तू मंजुळाचं बाळ.
मागच्या पानांवरची काही
तेवढ्यावरच राहिली.
त्यांच्यासमोरची माझी सही
अजून निळी आहे.

वॉर्मर आहे आमच्याकडे, प्लास्टिकच्या कव्हरात.
रात्री वीज पंपांना जाते.
मी तीन अर्ज केलेत. चौथा उद्या करीन.

देवकाआजी शेगडी घेऊन आली.
ह्याच बाईनं माझी नाळ कापलेली,
विळा चुलीवर धरून.
"आजी, शेगडी बाहेर."
"मग काय, तुझ्या वहीनं शेकू पोरीला?"

मंजुळाचं बीपी उतरत नव्हतं,
तिला सुई, तिला सलाईन, तिच्या कुशीत कसं देणार?
गाडी सावळ घाटाच्या पल्याड, धुक्यात.
मी हिरामणला म्हटलं, शर्ट काढ.

दाराशी उभे बापे हसले.
"आता बाप्याला पान्हा फुटणार काय?"
तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला,
औषध मारून मारून काळपटलेल्या.
मग त्यानं तुला उचललं, बोटं फाकवून,
कुठेच न दाबता.
"घड असाच धरतात, सिस्टर.
मण्यावरची भुकटी पुसली
तर माल परत येतो."

आजीनं डोईचं फडकं सोडलं.
खांद्यावरून, काखेतून, पाठीशी गाठ.
ही गाठ मला
कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवली नव्हती.
शेगडी तिनं स्वतःच बाहेर नेली,
आणि त्या हसणाऱ्यांना तिच्याभोवती बसवलं.

पावणेतीनला गाडी आली.
घाटातल्या वळणांवर तो मागे रेलून,
श्वाससुद्धा बेतानं घेत,
सांडेल की काय म्हणून.
स्ट्रेचरवरून मंजुळानं विचारलं, "हलते का?"
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"नखं लागतात तिची."

सव्वीस दिवसांनी तुम्ही नाशिकहून आलात.
सुई थांबायच्या आत
हिरामणच बोलला, "एकोणीसशे.
पेटी भरायला अजून शंभर कमी."
मी वजन लिहिलं.
नाव विचारलं, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले.
आजीला अजून विचारायचं होतं.

रकाना रिकामा ठेवलाय.
शाई वाळायची घाई नाही.