ढील

भोसरीतली बंद शेड, रविवार, सकाळचे सात.
चौदा खोकी. एकात लवंगतेलाचा बोळा,
डबीत, झाकणाला तीन भोकं.
कुठल्या खोक्यात, ते फक्त झरीन मॅडमना ठाऊक,
म्हणून त्या मुद्दाम माझ्याकडे पाठ करून
थर्मासमधला चहा ओततात.

एकतीस वर्षं मी बँकेत तपासनीस.
वहीतली चूक मला पान उलटण्याआधी कळते,
असं मीच सांगायचो.
आता हातात पंधरा फुटी दोरी
आणि तिच्या टोकाला खारी,
कर्वेनगरच्या कॅनॉलकाठची, एक कान दुमडलेला.
तिच्या नाकाला माझ्या नोकरीशी देणंघेणं नाही.

"लगाम नाही तो, खासनीस.
पतंगाला देता तशी ढील द्या.
पण जमिनीला लागू देऊ नका,
पायात आली की काम मोडतं."

मागच्या रविवारी नवव्या खोक्यापाशी
मी थांबलो. नुसता थांबलो.
कोपरा जरा चेपलेला होता,
वाटलं, याला कुणाचा तरी हात लागलाय.
खारीनं माझ्याकडे पाहिलं,
खोक्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे,
आणि शहाण्या पोरीसारखी बसली.
"सापडलं!" मी हात वर केला.
मॅडमनी कप खाली ठेवला.
"तिला कुठे? तुम्हाला सापडलं.
तिनं खाली सही केली फक्त."

परतताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला
ती मागच्या सीटवर गाढ झोपलेली,
आणि मला आठवला सासवड शाखेतला गणपुले.
त्याच्या काउंटरपाशी मी असाच नुसता उभा राहिलो होतो,
आणि तो म्हणाला होता,
हो साहेब, माझंच चुकलं असेल.

आज शटर अर्धं वर, वारा आत येतोय.
वास खोक्यातून निघून भिंतीशी साचतो म्हणे,
पाण्यासारखा.
खारी भिंत हुंगते. रिकामी भिंत.
माझी जीभ शिवशिवते: अगं, इकडे.
मी चालत राहतो.
तिसरं. चौथं. पाचव्यावर शिंक.
सातवं ओलांडून ती पुढे जाते
आणि मान मागेच राहते,
कुणी हाक मारल्यासारखी.
तोंड मिटतं. श्वास बारीक, भराभर,
शिलाई मशीनच्या टाक्यांसारखा.
दोरी बोटांतून सरकते. सरकू देतो.

सातवं खोकं कोरं, चारही कोपरे सरळ.
मी केव्हाच पास केलं असतं.

ती बसते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
मी मुद्दाम दोन पावलं पुढे जातो.
ती उठत नाही.

"सापडलं," मी म्हणतो, इतक्या हळू
की मॅडम विचारतात, काय?

बक्षीस तिथल्या तिथे द्यायचं, खोक्याच्या तोंडाशी.
वाकतो. खिशात सुकटीचा चुरा,
त्यात बसचं जुनं तिकीट.
खारी तळहात चाटते,
आणि मनात येतं, गणपुल्याचा पत्ता
पेन्शन विभागात मिळेल का,

तेवढ्यात मागून:
"दोरी, खासनीस, दोरी! पायात आली बघा."