चार्ज देताना

बसा, मंडळी. आशीर्वाद अजून दिलेला नाही.
बाहेर पोहे वाफेवर ठेवलेत, निवणार नाहीत.
इंदूरचे पोहे थांबतात माणसासाठी.
बुधवारी मला खंडव्याला हजर व्हायचं आहे,
बिशपसाहेबांचं पत्र तुम्ही ऐकलंच मागच्या रविवारी.

चार्जची यादी झाली. रणभिसे सरांनी दोनदा तपासली:
बाप्तिस्म्याची वही एक, लग्नाची एक,
दफनाची एक, शिवण उसवलेली.
प्रभुभोजनाचे पेले छत्तीस, दोनांना टवके.
पंखे पाच, पैकी वेदीवरचा फक्त आवाज करतो.
किल्ल्या सात.
सातवी कशाची, हे नऊ वर्षांत मला कळलं नाही.
माझ्या आधीच्या पाळकांनी ती गंभीर चेहऱ्याने
माझ्या तळहातावर ठेवली होती.
मीही तोच चेहरा करणार आहे.

यादीत न बसलेलं आता सांगतो.

पगार एकाचा होता, पाळक दोघं होतो.
तुम्ही माझ्याकडे येऊन दाखला मागायचात,
आणि परत जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी
सुहासिनीला खरं काय ते सांगायचात.
मला ते रात्री जेवताना कळायचं, तेही निम्मंच.
उरलेलं निम्मं ती खंडव्याला घेऊन चालली आहे.
काळजी करू नका.

थिओफिल, तू तिसऱ्या बाकावर आहेस, दिसतोस.
एमवायच्या वॉर्डात तुझ्या एस्तेरच्या कपाळावर हात ठेवून
ती बरी होईल असं मी म्हणालो होतो.
मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. मीच म्हणालो.
त्यानंतर तू एकही रविवार चुकवला नाहीस
आणि एकाही गीताला तोंड उघडलं नाहीस.
मी साडेचारशे उपदेश केले,
त्यात तुझ्यासाठी एक वाक्य जुळलं नाही.
आजही नाही. नुसतं सांगतो आहे.

आठ वाजताच्या मराठी उपासनेला मी आलो तेव्हा
एकसष्ट माणसं होती. आज तेवीस मोजली,
त्यातली चार हिंदी उपासना उशिरा असते म्हणून येतात.
पोरं प्रभूची प्रार्थना आपल्याबरोबर म्हणतात,
ओठ मात्र वेगळे हलतात. मला वरून दिसतं.
नवे पाळक छिंदवाड्याचे. भला माणूस आहे.
मराठी वाचतात, अडखळत.
अडखळू द्या त्यांना. लगेच शब्द पुरवू नका.

आणि सालोमीबाई.
हिवाळेकाकांना मातीत ठेवताना देवासचे पाहुणे होते,
त्यांना समजावं म्हणून मी सगळा विधी हिंदीत केला.
फाटकाशी तुम्ही म्हणालात,
"जन्मभर माझ्याशी मराठीत भांडला तो माणूस,
आणि तुम्ही त्याला हिंदीत पुरलंत."
साडेतीन वर्षं झाली. दाराशी मी हात पुढे करतो,
तुम्ही चप्पल शोधता.
दानाचं पाकीट मात्र एकदाही चुकलं नाही.
तुमचं बरोबर होतं. हे मला फाटकाशीच कळलं होतं,
बोलायला आजचा दिवस उजाडला.

काय?
जरा मोठ्याने, सालोमीबाई, पंख्यामुळे ऐकू येत नाही.

सातवी?
पेटीची?
तुमचे वडील इथे घंटा वाजवायचे तेव्हाची जुनी पेटी…
चोरीला गेली? कधी?
अहो, मग नऊ वर्षं सांगितलं का नाही?

"विचारलं नाहीत."

हसा, हसा मंडळी, देवळात हसायला मनाई नाही.
रणभिसे सर, यादीतून खोडू नका ती.
पुढे कंसात काही लिहूही नका.
नव्या पाळकांना तशीच द्या.
त्यांना कोणाला विचारायचं ते सापडेल,
नाहीतर नाही सापडणार.

सुहासिनी, तू इथे ये, माझ्या शेजारी.
नाही, पदर सोड, तशीच ये.

उभे राहा आता.
डोळे मिटा. थिओफिल, तू उघडे ठेवलेस तरी चालतील.
हात वर केला आहे मी,
शब्द येताहेत,
एक मिनिट द्या.