स्लाइड क्रमांक सात

केंद्रप्रमुखांना फक्त आवाज हवाय.
चित्रं नकोत, पेनड्राइव्ह नको,
व्हॉट्सॲपवर मावेल एवढाच.

फाइल दुधपचारे बाईंची.
त्या बदलून गेल्या साकोलीकडे,
खणात राहिले डबीभर खडू
आणि 'आपल्या तळ्यातले मासे', इयत्ता चौथी.

सातव्या स्लाइडवर एक पिवळा भोंगा.
दाबला की पतिराम तुमसरे बोलतात:
वाघूर, शिंगूर, दाडक, बोटरी,
मरळ, कटवा...
चाळीस सेकंद. मग भोंगा गप्प.
मी उजवं बटण दाबलं, डावं दाबलं,
आवाज काही सुटेना,
गोचिडासारखा चिकटलेला चित्राला.

आठवीतला टिकेश खिडकीतून म्हणाला,
"सर, फाइलचं शेपूट बदला ना जी."
पीपीटीएक्स खोडलं, झिप लिहिलं.
संगणकाने विचारलं, खात्री आहे का?
नव्हती.
हो म्हटलं.

तोंड उसवलेल्या पोत्यासारखं सगळं बाहेर आलं,
फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक,
आणि मीडिया नावाच्या खोलीत, एकटीच,
सहा मिनिटं अकरा सेकंद.

सहा?

बाईंनी कापलं होतं, पण कापलेलं गेलं नव्हतं.
गणवेशाच्या आत
पोर वाढेल म्हणून दुमडून ठेवतात कापड, तसं.

"झालं का, बाई?"
बाई हो म्हणतात. कोणीतरी हाक मारतं,
चपला पाळीवरून दूर जातात.
फोन डोंग्यातच.
मग बराच वेळ नुसतं पाणी.
लाकूड लाकडाला घासतं.
काडी ओढल्याचा आवाज, पुन्हा एकदा,
पहिली ओली असणार.
जाळं वर येतं, थेंब थेंब,
आणि पाचव्या मिनिटाला
पतिराम कुणाला तरी हळूच म्हणतात,
"जाय गा. लहान आहास अजून."
टुपकन.

टिकेशने माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पतिराम पाळीवर भेटले.
मोबाइल कानाला लावून
सगळं ऐकलं त्यांनी, शेवटपर्यंत,
भुवई न हलवता.
म्हणाले, "चाच्या राह्यला ना जी सांगाचा."

केंद्रप्रमुखांना चाळीस सेकंद पाठवले.
झिप खोडलं, पुन्हा पीपीटीएक्स लिहिलं,
भोंगा तिथेच होता, पिवळा.
उरलेल्या आवाजाचं नाव विचारतोय संगणक.
'नवीन फाइल', एवढंच आहे अजून.